पांढरी सुटत नाही

लातूरहून औसा, लामजना करीत उमरग्याच्या वाटेला लागलात आणि किल्लारीच्या आसपास एखाद्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला 'तुमचे गाव कोणते?' असे विचारलेत, तर पुष्कळदा उत्तराऐवजी प्रश्नच समोर येतो, 'जुनं का नवं?' नवे गाव म्हणजे जिथे तो गेली तीस वर्षे राहतो ते. जिथे त्याची सिमेंटची खोली आहे, नळ आहे, मुलाची मोटारसायकल लावलेली आहे. जुने गाव म्हणजे जिथे आज कोणीही राहत नाही. दगडांचे ढीग, त्यांतून वाढलेल्या वेड्या बाभळी, एखादे देऊळ. गंमत अशी की 'घरी चाललो' असे तो म्हणतो तेव्हा नव्या गावी निघालेला असतो. आणि 'गावात जाऊन येतो' म्हणाला, तर त्याची पावले जुन्या गावाकडेही वळलेली असू शकतात. घर इकडे आणि गाव तिकडे. घर आणि गाव या दोन शब्दांची अशी ताटातूट किल्लारीच्या परिसरात झाली, तिला ३० सप्टेंबर १९९३ची पहाट कारण आहे.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा घरी आली, दमून झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. दख्खनच्या पठाराला भूकंपाचे भय नाही, अशी तोवर सर्वांची समजूत होती. १९९२ साली किल्लारीत छोटे धक्के बसले होते, लोक काही काळ घराबाहेर झोपलेही होते. पण माणूस किती दिवस अंगणात झोपणार? सरकारी नोंदीप्रमाणे लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून ७,९२८ माणसे गेली. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, मंगरूळ, तळणी... ही नावे त्या आठवड्यात साऱ्या महाराष्ट्राला पाठ झाली.

एवढी माणसे का मेली, याचे उत्तर आपल्या एका जुन्या शब्दात दडले आहे. तो शब्द म्हणजे पांढरी. आपल्या शेतकऱ्याने जमिनीचे दोन भाग केले. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. शतकानुशतके एकाच जागी घरे पडतात, उठतात. चुलीची राख, शेणामातीचे सारवण, पडक्या भिंतींचा चिखल एकमेकांत मुरत जातो आणि गावाखालची माती पांढुरकी होते. म्हणून गावठाणाला पांढरी म्हणायचे, आणि गावच्या वस्तीलाही. काळी पोट भरते, पांढरी माणसाला माणसात ठेवते, असा तो हिशेब.

मराठवाड्यातली माळवदाची घरे याच मातीने झाकलेली असत. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, आतून-बाहेरून ओबडधोबड दगड आणि मध्ये चिखल. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पाणी आत झिरपू देत नाही, म्हणून दर पावसाळ्याआधी थोडी नवी माती वर चढायची. बाप गेला तरी मुलगा चढवायचा. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. मराठवाड्याच्या उन्हाला यापेक्षा चांगले उत्तर नव्हते. पण धरणी हलली तेव्हा चिखलाने धरलेले दगड सुटे झाले आणि पिढ्यांनी भक्तिभावाने चढवलेली ती माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. कुडाच्या, गवताच्या झोपडीत राहणारा वाचला. ज्याच्या आजोबांनी पाच खणांचे भक्कम घर बांधले होते, तो दबला. पांढरीनेच पांढरीचा घात केला, असे म्हणायची पाळी आली.

त्या घटकेला लोकांना गाव नकोसे झाले होते, हे विसरून चालणार नाही. 'गावकऱ्यांना जबरदस्तीने उठवले' असे नंतर काहींनी लिहिले, पण ते अर्धेच खरे आहे. मागून धक्के येत होते. ढिगाऱ्याला वास होता. जिथे आई, बायको, तीन लेकरे एका रात्रीत गेली, तिथे पुन्हा चूल मांडायची कोणाची छाती होणार? 'आम्हाला इथून हलवा' ही मागणी खुद्द गावांचीच होती. सरकारनेही जागतिक बँकेच्या कर्जाची जोड घेऊन प्रचंड काम उभारले. ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. त्यांत सुमारे २८ हजार घरे बांधली गेली. कमी पडझड झालेल्या गावांत जवळजवळ दोन लाख घरांची जागेवरच दुरुस्ती आणि मजबुती करायची होती. देशातून, परदेशातून संस्था आल्या, उद्योगसमूह आले, वर्तमानपत्रांनी निधी जमवून गावे दत्तक घेतली. आपल्या देशात ग्रामीण पुनर्वसनाचे एवढे मोठे काम तोवर क्वचितच झाले असेल. ते झाले, बऱ्यापैकी चोखही झाले. आधी एवढे श्रेय देऊन मगच पुढचे बोलावे.

पुढचे असे की सरकारने घरे मोजली. घर कोणाला किती, याचे कोष्टक ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५०, त्याहून मोठ्या शेतकऱ्याला ७५०. नव्या गावांचे नकाशे शहरातल्या वसाहतींसारखे निघाले. सरळ रस्ते, काटकोनात कापणारे चौक, ओळीने घरे, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा. पुन्हा भूकंप झालाच तर पळायला वाट हवी, एकाचे घर दुसऱ्यावर पडू नये, हा विचार त्यामागे होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु जे गाव पूर्वी एका हाकेत सामावत होते, ते आता कित्येक पट जागेवर पसरले. ही जागा आली कुठून? शेतांतून. म्हणजे पांढरीवरचे गाव काळीवर येऊन बसले. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी ती काळी जमीन पिकाला चांगली, पायाला वाईट. हे इंजिनिअरांना ठाऊक होते. पाया धरायला काळीला जसा वेळ लागतो तसा माणसांनाही लागतो, हे मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात नव्हते.

घरांत गोठा नव्हता. बैल घरापासून दूर बांधायचा, ही कल्पनाच शेतकऱ्याला पटेना. ओसरी नव्हती, ढेलज नव्हती. म्हणजे परका माणूस बसवायचा कुठे आणि सुनेने आत-बाहेर करायचे कसे, हा पेच. एके ठिकाणी तर घुमटासारखी गोल घरे उठली. शास्त्राच्या दृष्टीने भूकंपाला ती उत्तम; पण गोल भिंतीला उतरंड कशी टेकवायची आणि देव कोणत्या कोपऱ्यात मांडायचे, याचे उत्तर शास्त्रापाशी नव्हते. तरी या अडचणींचा बाऊ करण्याचे कारण नाही. माणूस घराला वळण लावतो. खरी अडचण घराच्या बाहेर होती. शेजारी बदलला होता.

याचा अर्थ मला कळला तो एका फॉर्मवरून. १९९४च्या उन्हाळ्यात भूकंपग्रस्त भागातल्या एका बाजारगावी, आमच्या बँकेच्या शाखेत माझी बदली झाली. तीन वर्षे तिथे काढली. मदतीची रक्कम खात्यात जमा व्हायची, म्हणून ज्यांनी जन्मात बँकेची पायरी चढली नव्हती अशी माणसे रांगेत उभी असत. त्या काळी खाते उघडायचे तर फॉर्मवर एक रकाना भरावा लागे, 'ओळख करून देणाऱ्याची सही'. ज्याचे आधीपासून खाते आहे अशा माणसाने लिहून द्यायचे की हा अर्जदार माझ्या माहितीतला आहे. एरवी ही औपचारिकता. वाण्याने, मास्तरांनी सही ठोकली की झाले. पण तिथे रेशनकार्डे ढिगाऱ्यात गेली होती, शाळेचे दाखले गेले होते. कागद गेल्यावर माणूस कोण, हे फक्त दुसरा माणूसच सांगू शकत होता.

तेव्हा पाहिले की लोक एकेकटे येत नसत. जुन्या गल्लीचे लोक मिळून येत. नव्या वसाहतीत कोण कोणत्या टोकाला फेकला गेला आहे, याला महत्त्व नव्हते. सकाळी एकमेकांना निरोप जायचे आणि दुपारी अख्खी गल्ली बाकावर. 'हा माझ्या शेजारचा', 'ही आमच्या मागल्या दाराची', 'याच्या आजानं माझ्या आजाच्या लग्नात वरात हाकली'. आम्ही पत्त्याच्या रकान्यात प्लॉट नंबर लिहायचो. त्यांना तो पाठ नसायचा. ते गल्लीचे नाव सांगायचे, जी गल्ली आता नव्हती.

एक म्हातारी मात्र एकटी आली. तिच्या गल्लीतले बहुतेक गेले होते, उरलेले लेकीबाळींकडे पांगले होते. कारकुनाने विचारले, 'मावशी, तुम्हाला ओळखणारं कुणी?' ती शांतपणे म्हणाली, 'मला वळकणारं कुणी ऱ्हायलंच न्हाई, बाबा.' तिच्या बोलण्यात रडण्याचा सूर नव्हता. रकान्यातल्या प्रश्नाला तिने दिलेले ते सरळ उत्तर होते. ती दोन खेपा परत गेली. तिसऱ्या खेपेला आली तेव्हा रांगेत एक कासार उभा होता. दूरच्या गावचा, आमचा जुना खातेदार. तो म्हणाला, 'साहेब, मी सही करतो. हिच्या हातात तीस वर्सं बांगड्या भरल्यात मी.' तिने आपले मोकळे हात पदराखाली घेतले. त्याने सही केली. खाते उघडले.

गावाची ओढ म्हणजे काय, यावर पुढे पुष्कळ वाचले. पण त्या सहीहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही. आपल्याला ओळखणारी, आपल्यासाठी सही करायला तयार असलेली माणसे जिथे राहतात ते गाव. माती, वेस, पार, नदीचे वळण, ही सारी त्या ओळखीची ठिकाणे. माणसे मातीला चिकटून असतात असे आपण समजतो. ती चिकटून असतात एकमेकांना, आणि माती ही त्या चिकटण्याची जागा असते. म्हणूनच हा प्रश्न केवळ हळवेपणाचा नाही. विरजण कोणाकडे मागायचे, रात्री ताप चढला तर दार कोणाचे वाजवायचे, रोजगाराला जाताना लेकरू कोणाकडे टाकायचे, हे रोजचे व्यवहार आहेत. अशी उधारी कोणत्याच लेजरमध्ये दिसत नाही, पण गरिबाचा संसार तिच्यावर चालतो. गाव हलले आणि शेजार मोडला, की ही सगळी खाती एका दिवसात बंद होतात. नुकसानभरपाईत तेवढा एक आकडा येत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. जुन्या गावाची ही ओढ सगळ्यांना सारखी होती का? शाखेत येणारा दलित वस्तीतला एक शिकलेला तरुण एकदा मला म्हणाला, 'साहेब, सगळे जुन्या गावाचं गुणगान करतात. आमची घरं त्यात कुठं होती ते बी विचारा की.' ती वेशीबाहेर होती. पाणी वेगळे, वाट वेगळी. नव्या गावात त्याच्या दारापुढून डांबरी रस्ता गेला, नळ आला. त्याला जुन्याबद्दल गहिवर कसा यावा? बायकांचेही तसेच. नळ घरी आल्याने आडावरच्या गप्पा गेल्या, असे पुरुषांनी लिहिले. डोक्यावरचा हंडा गेला, असे बायका म्हणाल्या. तेव्हा जुन्या गावाला सोन्याची झळाळी देण्यात अर्थ नाही.

पण नवे गाव तरी कोणत्या मोजमापाने वसले? जमिनीच्या. २५० फुटांची घरे एका बाजूला, ७५० फुटांची दुसऱ्या. आपल्याकडे जमीन कोणाकडे असते आणि कोणाकडे नसते, हे सांगायला नको. म्हणजे जी वेस दगडांची होती, ती चौरस फुटांची झाली. त्या तरुणाला जुन्या गावाचा जाच गेल्याचा आनंद होता, तरी त्याच्याही आईला आपल्या वस्तीतली जाऊ आणि मावशी पाच ओळी पलीकडे गेल्याचे दुःख होतेच. ओळख सगळ्यांनाच लागते. ज्याच्याकडे दुसरे काही नाही, त्याला तर जास्त लागते.

घरे ताब्यात मिळाल्यावर लोकांनी जे केले, ते पाहण्यासारखे होते. पुष्कळांनी वर्ष-वर्ष घराला कुलूप लावून पत्र्याच्या शेडमध्ये मुक्काम केला. स्लॅबखाली झोप लागत नव्हती. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, हा अनुभवाचा हिशेब. मग हळूहळू घराच्या पुढे ओटा आला. ओट्यावर छप्पर आले. मागे गोठा निघाला. ढिगाऱ्यातून कोणी नक्षीची चौकट आणली, कोणी जाते, कोणी उंबरा. काहींनी आपापसांत ठरवून घरांची अदलाबदल केली आणि भावाशेजारी भाऊ राहायला गेला. मारुती आला, त्याच्यापुढे पार झाला, पाराशेजारी चहाची टपरी झाली. देव मात्र सगळेच हलले नाहीत. किल्लारीचा नीळकंठेश्वर जुन्या जागीच राहिला, आणि त्याच्या निमित्ताने माणसांचे पाय तिकडे वळत राहिले. नकाशात जे नव्हते ते लोकांनी आपल्या हाताने काढले. फक्त त्याला दहा-पंधरा वर्षे लागली. ती वर्षे म्हाताऱ्यांना परवडणारी नव्हती. त्यांतली बरीच नव्या गावात नुसती बसून गेली.

ज्या गावांना हलवले नाही, तिथला अनुभव वेगळा बोलतो. तिथे घरमालकाने सरकारी साहाय्य घेऊन स्वतःच दुरुस्ती करायची होती. सुरुवातीला लोक नाखूश होते. 'शेजारच्या गावाला नवी घरं, आम्हाला डागडुजी' अशी कुरकुर होती. त्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. ज्यांनी कधी चावडीवर तोंड उघडले नव्हते, त्या बायका सिमेंटच्या गोण्या मोजू लागल्या, भिंतीत आडवे दगड बसले की नाही हे गवंड्याला विचारू लागल्या. बायका हे करू शकल्या, कारण गाव जागेवर होते. कोणाच्या दारात जायचे, कोणाला कसे बोलायचे, हे त्यांना ठाऊक होते. पुढे २००१च्या २६ जानेवारीला कच्छ हादरले, तेव्हा या बायकांतल्या काही तिथे गेल्या. तिथल्या बहुतेक गावांनी स्थलांतर नाकारले आणि 'पैसे द्या, तांत्रिक सल्ला द्या, बांधू आम्हीच' हा मार्ग धरला. किल्लारीचा धडा गुजरातला उपयोगी पडला, असे म्हणायला हरकत नाही.

हाच धडा जपानला जास्त किंमत मोजून शिकावा लागला. १७ जानेवारी १९९५ला, म्हणजे किल्लारीनंतर सव्वा वर्षाने, कोबे शहरात भूकंप झाला. सहा हजारांवर माणसे गेली. देश श्रीमंत, यंत्रणा शिस्तीची. तात्पुरती घरे भराभर उभी राहिली आणि ती सोडत काढून वाटली. वृद्ध आणि अपंगांना अग्रक्रम. यापेक्षा न्याय्य काय असणार? पण सोडतीने शेजार मोडले. एका वस्तीतली माणसे दहा ठिकाणी गेली आणि अग्रक्रमामुळे म्हातारी, एकटी माणसे एकाच ठिकाणी गोळा झाली, जिथे कोणी कोणाला ओळखत नव्हते. पुढच्या काही वर्षांत त्या घरांतून दोनशेहून अधिक माणसे एकाकी मेलेली आढळली. काहींचा मृत्यू झाल्याचे कित्येक दिवस कोणाला कळलेही नाही. भूकंपातून ती वाचली होती.

जपानने त्यातून बोध घेतला. ऑक्टोबर २००४मध्ये निगाता भागात भूकंप झाला आणि यामाकोशी नावाचे दोनेक हजार वस्तीचे डोंगरी खेडे पूर्ण रिकामे करावे लागले. या वेळी सोडत काढली नाही. वाडीची वाडी शेजारी-शेजारी ठेवली. वाडीतले शेजारी छावणीतही शेजारीच राहिले. तीनेक वर्षांनी रस्ते झाले तेव्हा बहुसंख्य लोक परत डोंगरावर गेले. खर्च फारसा वाढला नसेल. फक्त यादी करण्याची रीत बदलली होती.

किल्लारीच्या मुलांचेही सांगितले पाहिजे. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. ती शिकली, मोठी झाली, आता चाळिशीत आहेत. नव्या गावात जन्मलेली पिढीही आता तिशीला आली. ती पुण्यात, हैदराबादेत कामाला आहे. तिच्या लेखी 'गाव' म्हणजे ते सरळ रस्त्यांचे, ओळीच्या घरांचे गाव; तिथेच तिचे बालपण गेले. दर ३० सप्टेंबरला जुन्या जागी स्मृतिस्तंभापाशी माणसे जमतात, फुले वाहतात, तेव्हा म्हातारे ढिगाऱ्यांकडे बोट करून दाखवतात, 'इथं आपलं दार होतं.' पोरे ऐकतात आणि नव्या गावी परततात. म्हणजे काळी जमिनीचीही पांढरी होते. चुली पेटत राहिल्या, राख पडत राहिली, की होतेच. पण होईपर्यंत मध्ये एक पिढी जाते, आणि ती पिढी कशी जाते हे आपल्या हातात असते.

हे सगळे आज काढण्याचे कारण किल्लारी नव्हे. कारण सह्याद्री आहे. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले. १५१ माणसे दगावली. गाव दिसत नाही, हे पहिल्यांदा एका एसटी चालकाच्या ध्यानात आले. नवे माळीण जवळच आमडे येथे वसले आणि २०१७च्या एप्रिलमध्ये लोक तिथे राहायला गेले. २२ जुलै २०२१ला महाडजवळचे तळिये गेले. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. तिथे मदतीला जाणाऱ्यांनाही डोंगर पायी चढावा लागला. कोकणात आणि घाटमाथ्यावर दरड अंगावर येण्याचे भय असलेल्या गावांच्या याद्या झाल्या आहेत. पावसाळा आला की नोटिसा जातात, 'सुरक्षित स्थळी जावे'. लोक जात नाहीत. मग शहरात बसून आपण म्हणतो, 'यांना कळत कसे नाही?'

त्यांना कळते. इर्शाळवाडीसारख्या ठाकर वाडीत राहणाऱ्याला डोंगर कसा वागतो, हे आपल्यापेक्षा जास्त कळते. त्याला हेही कळते की खाली उतरून तो ज्या शेडमध्ये जाईल, तिथून त्याचे वरकस रान, त्याचा नाचणी-वरीचा तुकडा, त्याची सोयरी माणसे दूर जातील. तिथे त्याची ओळख देणारा कोणी असेलच असे नाही. मरणाची शक्यता एका पारड्यात आणि अनोळखी होऊन जगण्याची खात्री दुसऱ्यात, असा तो सौदा असतो. तो अडाणीपणाने नाही म्हणत नाही. दुसऱ्या पारड्यातली खात्री आपण कमी करत नाही, म्हणून म्हणतो.

त्याने हलले पाहिजे, यात मला शंका नाही. गावाच्या ओढीपायी कोणी दरडीखाली मरावे, असे म्हणणारा मी नव्हे. माळवदाच्या प्रेमाची किंमत किल्लारीने मोजलेली आहे. पण हलवायचेच तर वाडीची वाडी हलवावी, आणि ती दुर्घटनेच्या नंतर नव्हे, आधी. शेत आणि रान पायी जाण्याच्या अंतरात राहील अशी जागा पाहावी. नकाशा लोकांसमोर मांडावा आणि कोण कोणाशेजारी राहणार, हे त्यांना ठरवू द्यावे. त्यात जुनी वेस पुन्हा उभी राहणार नाही एवढे मात्र सरकारने पाहावे. जुन्या जागेचा देव, तिथली झाडे, तिथे जाण्याची वाट त्यांच्यापासून काढून घेऊ नये. ओट्यासाठी, गोठ्यासाठी जागा सोडावी. यांतल्या कशालाही फार पैसे लागत नाहीत.

तीस-पस्तीस वर्षे फॉर्म तपासण्यात गेलेल्या माणसाची शेवटी एवढीच सूचना आहे. पुनर्वसनाच्या अर्जात कुटुंबप्रमुखाचे नाव असते, माणसे किती, जमीन किती, घर पक्के की कच्चे, हे सगळे असते. त्यात एक रकाना वाढवावा. तुमच्या उजव्या हाताला कोण राहते आणि डाव्या हाताला कोण? उत्तर लिहून घ्यावे, आणि नव्या घराची किल्ली देण्यापूर्वी ते एकदा वाचावे.